नेहमीचे ठिकाण

राजारामपुरीतल्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. आकडा सांगितला की पत्ता पुरा होतो. आमच्या संध्याकाळच्या जागेचा उल्लेख मात्र आम्ही 'नेहमीचे ठिकाण' एवढाच करतो. पाटीवर 'परमिट रूम' असे ठळक लिहिलेले असूनही तो शब्द आमच्यापैकी कुणी उच्चारत नाही.

हा शब्द १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या सावलीतला. पिण्यास परवाना लागतो, म्हणून ती परवान्याची खोली. त्याहून जुना 'गुत्ता'; त्याचाही मूळ अर्थ मक्ता. म्हणजे एक नाव महसुलाचे, दुसरे मनाईचे. दोन्ही दप्तरातून आलेली.

आत असते ते वेगळेच. थंड बिअर, खारे शेंगदाणे, मग सुके मटण आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या. स्टाफरूममध्ये वीस वर्षे शेजारी बसणारे एक ज्येष्ठ सहकारी पत्नीच्या आजारपणाविषयी प्रथम बोलले ते इथे, दुसऱ्या ग्लासानंतर. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांसमोर त्या संध्याकाळचा उल्लेख आम्ही दोघांनीही टाळला. ती लाज पिण्याची होती, की बोलण्याची?

पिणाऱ्यांनी स्वतःसाठी घडवलेला शब्द एकच दिसतो: 'बसणे'. 'आज बसू या का?' या प्रश्नात दारूचे नावही नाही. ही पळवाट आहे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, दप्तराला जे कधी नोंदता आले नाही, ते या साध्या क्रियापदाने नेमके सांगितले आहे: सोबत.