कथलाची गोळी

आमच्या लिहिण्याच्या मेजावर एक करडी गोळी पडलेली असते. भेटीस येणारे विद्यार्थी तिला कागद उडूं नयेत म्हणून ठेवलेलें वजन समजतात, व आम्हीहि त्यांचा समज मोडीत नाहीं. ती ठासणीच्या बंदुकीची आहे. आमचे आजोबा सांगत कीं, सन 1948 च्या पावसाळ्यांत, रझाकारांच्या भीतीनें गोरेगांवांत रात्रीच्या रात्री जागून निघत असतां, शेतांतलीं डुकरें हांकण्याची जुनी बंदूक त्यांनीं माळ्यावरून खालीं काढली. दारू होती, शिसें मात्र मिळेना. हैदराबाद कंटिंजंटची छावणी हिंगोलीस असतां, कोणा गोऱ्या अंमलदाराच्या जुन्या सामानांतून पणजोबांनीं एक प्यूटरचा, म्हणजे मुख्यतः कथलाचा, पेला घेतला होता. तो त्यांनीं ठेचला आणि लोखंडी पळींत वितळवून साच्यांत ओतला.

आजीची साक्ष याच्या उलट. पेला कल्हईवाल्यानें नेला व पैसे पानसुपारींत गेले, असें ती म्हणे. आम्ही तेव्हां बी. ए. च्या वर्गांत होतों, म्हणजे सर्वज्ञ होतों. चार पाहुण्यांदेखत आजीची बाजू घेऊन, "कथलाच्या कुठें गोळ्या होतात?" असें हंसून बोललों. आजोबा उठले, फडताळांतून ही एकच उरलेली गोळी आणून त्यांनीं आमच्या हातावर ठेवली, आणि पुन्हां तो विषय कधीं काढला नाहीं.

पुढें इतिहास शिकवितांना, न्यूयॉर्कच्या लोकांनीं 1776 सालीं तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा पाडून त्याच्या 42,088 गोळ्या केल्या, ही हकीकत आम्हीं वर्षानुवर्षें रंगवून सांगितली. ती आम्हांस पटत होती. घरची पटत नव्हती.

आजोबा जाऊन बारा वर्षें झाल्यावर एकदां गोळी प्रयोगशाळेच्या तराजूंत घातली. व्यास 16 मिलिमीटर. शिशाची असती तर वजन सुमारें 24 ग्रॅम भरतें, भरलें 16. चाकूनें ती सहज कोरली गेली, तेव्हां लोखंड नव्हे, जस्तहि नव्हे. कथील 232 अंशांवर वितळतें, शिशास 327 लागतात. चुलीवर हें काम होण्यासारखें होतें. अशी गोळी हलकी, म्हणून तिचा वेग लवकर मरतो. शिशाहून कठीण, म्हणून आंट्यांच्या नळींत ती नीट बसत नाहीं. परंतु आजोबांच्या बंदुकीची नळी गुळगुळीत होती, व चिंधींत गुंडाळून ठासलेली गोळी जवळच्या अंतरावर आपलें काम करती. तशी वेळ आली नाहीं. 17 सप्टेंबरला निजामानें शरणागती पत्करली.

आम्ही गोरेगांवास जाऊन हें सारें आजीस सांगितलें. ती तेव्हां नव्वदीला टेकली होती. तिनें शांतपणें ऐकून घेतलें, गोळी तळहातावर तोलली आणि म्हणाली, "ही एक झाली, बाबा. पेला चांगला अच्छेराचा होता. बाकीच्या कुठें आहेत?"