आजी, दोष त्या सुईचा नव्हता

काही महिन्यांपूर्वी एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. कडेवर नऊ महिन्यांची नात होती, पिशवीत तिचे लसीकरणाचे कार्ड. गोवर-रुबेलाची लस द्यायची होती; पण आजींनी कार्ड बाहेर काढलेच नाही. खालमानेने त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ही सुई राहू द्या. थोरल्याला मीच कडेवर घेऊन गेले होते. त्यानंतर त्याचे बोलणे थांबले. एकाचे वाटोळे केले, आता हिचे नको."

थोरला नातू सहा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे. साडेचार वर्षे ही माउली हा अपराध मनात वागवत होती आणि घरात कोणालाच त्याची कल्पना नव्हती. तुमच्यापैकी कोणी असे ओझे वाहत असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे.

या भीतीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने शोध घेतला, तेव्हा लस-उत्पादकांविरुद्ध दावा उभारणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळाल्याचे, तसेच मुलांच्या मूळ नोंदी आणि निबंधातील मजकूर यांत मेळ नसल्याचे उघड झाले. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला. त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदणीतून काढून टाकण्यात आले.

त्यानंतर अनेक देशांत काटेकोर अभ्यास झाले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. ज्यांच्या थोरल्या भावंडाला ऑटिझम आहे, अशा मुलांमध्येही नाही. जपानने तर ही एकत्रित लस १९९३ सालीच थांबवली होती. तरीही योकोहामा शहरात ऑटिझमचे निदान होणाऱ्या मुलांची संख्या वाढतच राहिली.

"मग त्याचे बोलणे तेव्हाच कसे थांबले?" आजींनी विचारले. प्रश्न रास्त होता. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. नेमके याच वयात मूल बोलत नाही हे घरच्यांच्या ध्यानात येते. काही मुले तर शिकलेले चार शब्दही विसरतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते.

मी त्यांना पहिल्या वाढदिवसाची चित्रफीत आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. चित्रफितीत सारे घर टाळ्या वाजवून बाळाला नावाने हाका मारत होते आणि बाळ मान वर करून एकटक पंख्याकडे पाहत होते. दुसऱ्या मात्रेला तेव्हा निदान चार महिने अवकाश होता.

आजींचे डोळे भरून आले. माझीही मान खाली गेली, कारण मला दुसरेच काही आठवत होते. हेच बाळ चौदा महिन्यांचे असताना त्याची आई मला म्हणाली होती, "हाक मारली तरी बघत नाही." आणि मी हसून उत्तर दिले होते, "मुलगे उशिरा बोलतात, काळजी नको." निदान झाले तेव्हा ते अडीच वर्षांचे होते. मधला मोलाचा काळ हातचा गेला, तो लसीमुळे नव्हे, माझ्या त्या वाक्यामुळे. हे मी त्या तिघांनाही सांगितले.

म्हणून माझी विनंती आहे. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, नजरेला नजर देत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर "होईल हळूहळू" असे म्हणू नका, कोणी म्हटले तरी ऐकू नका. कानांची तपासणी करून घ्या. बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा.

आणि लस चुकवू नका. लसीनंतर ताप किंवा अंगावर बारीक पुरळ येऊ शकते. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, म्हणून अर्धा तास तिथेच थांबावे. उलट गोवरामुळे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर होऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा काही बालके दगावली. गरोदरपणी रुबेला झाल्यास बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयदोष जडू शकतात. अशा बाळांमध्ये ऑटिझमचेही प्रमाण अधिक आढळते.

त्या दिवशी नातीला लस दिली, तेव्हा आजींनीच तिला मांडीवर धरले होते. सुई टोचताच ती रडली. आजींनी तिला नावाने हाक मारली आणि तिने रडता रडता वळून त्यांच्याकडे पाहिले.