पोहोच

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील जुन्या मराठी घराण्यांना समुद्र तसा परका नाही. आपल्यापैकी कित्येकांची कुलदैवते गोव्यात किंवा तळकोकणात आहेत. मे महिन्यात मुलांच्या शाळांना सुट्टी लागली, की घाट उतरायचा, देवापुढे नारळ ठेवायचा, नातलगांकडे चार दिवस आंबे-फणस खायचे आणि मृगाच्या आत घाट चढून परत यायचे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. हिंडलग्यावरून शिनोळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही आपण वेंगुर्ला रोड म्हणतो. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या छावणीचा आणि पेठेचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून घाटवाटेने वर येत असे. १८८८ साली मुरगाव बंदर रेल्वेने जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचे ते वैभव ओसरले. रस्त्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून राहिले. निपाणीकर मंडळी संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असे करीत आंबोलीस येतात आणि तेथून पुढे आपली सर्वांची वाट एकच होते.

अलीकडच्या काळात या परिपाठात कॅमेऱ्याची भर पडली आहे. सेवानिवृत्तीनंतर मला हा छंद जडला आणि समवयस्क व तरुण अशा दहा-बारा छायाचित्रप्रेमींचा एक गट आपोआप जमला. त्यात निपाणीचे एक तंबाखू व्यापारी आहेत, एक निवृत्त शिक्षक आहेत, एक दंतवैद्य आहेत आणि संगणक क्षेत्रातील दोन-तीन तरुण आहेत. गटाला नाव नाही, वर्गणी नाही. वर्षातून दोन-तीनदा गाडी ठरवून किनारा गाठायचा, एवढेच त्याचे कार्य.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने आपल्या किनाऱ्याचे पंचांग मोठे भरगच्च आहे. फाल्गुनात गोव्यात शिगमो असतो. त्याच सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर पडून पाण्याकडे धाव घेऊ लागतात. मे महिन्याच्या अखेरीस होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारल्या जातात. ते दृश्य एखाद्या वाडीने पावसाळ्याची तयारी करावी तसे दिसते. २४ जूनला गोव्यात सांजाव येतो. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घातलेली मुले तुडुंब विहिरींत उड्या घेतात. २९ जूनला सांगोड, म्हणजे होड्या एकमेकींना बांधून केलेल्या तरंगत्या मंचावरचा उत्सव. आषाढ शुद्ध द्वादशीला माशेलचा चिखलकाला असतो. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण झाला, की नारळ लढवण्याच्या चुरशीने किनारा पुन्हा जागा होतो.

एवढी समृद्धी समोर असली, की हात शिवशिवतात. परंतु या सहलींनी मला एक साधा प्रश्न विचारायला शिकवले. आपण किनाऱ्यावरून जे घेऊन येतो, त्याची पोहोच कोणाला देतो?

हा प्रश्न माझा स्वतःचा नव्हे. २०१८ च्या मे महिन्यात वेंगुर्ला आणि मालवण यांच्या दरम्यानच्या एका वाडीत आम्ही रापण पाहण्यास गेलो होतो. वाडीचे नाव मुद्दामच देत नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर उभी असलेली माणसे तालात ओढत आणतात. एकट्या-दुकट्याचे हे काम नाही. साऱ्या वाडीचे बळ लागते, आणि मिळालेली मासळीही वाट्यांनी विभागली जाते. दोराला हात लावणाऱ्या पाहुण्यालाही मूठभर तारली वा बांगडे द्यावेत, ही तिथली रीत. आम्ही कॅमेरे काढताच एका वृद्ध रापणकराने शांतपणे विचारले, ‘तुमी फोटो काढून नेतास, पण तो आमका कधी गावतलो?’

त्यांच्या स्वरात राग नव्हता. आमच्या आधी अनेक मंडळी येऊन गेली असावीत आणि कोणाकडूनच काही परत आले नसावे, एवढेच त्यातून कळत होते. आमच्या गटातील शिक्षकांनी पिशवीतून वही काढली आणि तिथल्या तिथे नावे लिहून घेतली. माझ्या कारकुनी मनाला ती कल्पना इतकी पटली, की घरी येताच मी रीतसर नोंदवही आखली. अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, चित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे, प्रत कोणास दिली, आणि शेवटचा रकाना पोहोच.

माझी सारी नोकरी कर्नाटक सरकारच्या महसूल खात्यात गेली. टिपण्या कन्नडमध्ये, पत्रव्यवहार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि मराठी घरात व वाचनालयात. कन्नडविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तिने मला अन्न दिले, जिवाभावाचे मित्र दिले. परंतु आवक-जावकीची वही आपल्या मातृभाषेत लिहिण्याचा योग आयुष्यात प्रथमच आला तो या छायाचित्रांमुळे, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आमच्यातील तरुणांना ही पद्धत सुरुवातीस रुचली नाही. त्यांचा आक्षेप असा, की विचारून काढलेले चित्र मरते. माणूस सावध होतो, केस सारखे करतो, हसतो. जे टिपायचे होते तेच हरवते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील यारमथ येथे १८९२ च्या उन्हाळ्यात पॉल मार्टिन या छायाचित्रकाराने काखेत धरलेल्या गाठोड्यासारखा दिसणारा कॅमेरा वापरून सुट्टीवर आलेल्या सामान्य लोकांची चित्रे घेतली. वाळूत पहुडलेली, खिदळणारी, एकमेकांच्या गळ्यात पडलेली ती माणसे पाहिली, की त्या काळातील इंग्रज मनुष्य स्टुडिओतील ताठर चित्रांहून किती निराळा होता हे ध्यानात येते. तो कॅमेरा दिसला असता तर ही चित्रे मिळाली नसती. तरुणांनी हेच उदाहरण माझ्यापुढे ठेवले आणि काही काळ मी निरुत्तर झालो.

उत्तर मला त्याच देशाच्या किनाऱ्यावर सापडले. माझी कन्या इंग्लंडमध्ये असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्यासमवेत यॉर्कशायरमधील व्हिट्बी या बंदराच्या गावी जाण्याचा योग आला. आपला श्रावण तो त्यांचा भर उन्हाळा. तेथील किनाऱ्यावर या दिवसांत नौकाशर्यती आणि जत्रांची रेलचेल असते आणि कॅमेरे गळ्यात घातलेली माणसे पावलोपावली भेटतात. याच गावात फ्रँक सटक्लिफ (१८५३–१९४१) हा छायाचित्रकार होऊन गेला. उन्हाळी पाहुण्यांची स्टुडिओत चित्रे काढून तो प्रपंच चालवी. ऐन हंगामात धंदा सोडून दूर जाणे त्याला शक्य नसे. त्यामुळे मोकळा वेळ मिळाला की हाताशी असलेले बंदर, कोळी आणि त्यांची मुले हेच त्याचे विषय झाले. १८८६ मधील, पाण्यात डुंबणाऱ्या उघड्या मुलांचे त्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्या मुलांना त्याने लपून टिपलेले नाही. रोज दिसणाऱ्या माणसासमोर ती मुले जशी वागतील तशीच वागत आहेत. उतारवयात तो तेथील साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेच्या संग्रहालयाचा अभिरक्षक झाला, हे वाचून आपल्यासारख्या साहित्यसंस्थेच्या सभासदास विशेष समाधान वाटावे.

परत आल्यावर मी तरुणांना एवढेच म्हटले, की मार्टिन लपला आणि सटक्लिफ राहिला. आपल्याला राहणे जमत नाही, पण निदान थांबणे जमेल. तेव्हापासून आमचा नियम असा, की पहिला अर्धा तास कॅमेरे पिशवीत ठेवायचे आणि दोराला हात लावायचा. तळहात सोलवटतात, कमरेचे दुखणे डोके वर काढते. पण तासाभरात वाडीतली माणसे आपल्याला विसरून कामाला लागतात आणि मग हवे ते चित्र मिळते.

यात तंत्राचाही एक भाग आहे. आपला समुद्र पश्चिमेस. रापण ओढणारा बहुधा समुद्राकडे तोंड करून मागे मागे सरकतो. सकाळी ऊन त्याच्या पाठीवर पडते, म्हणून वाळूवर उभ्या राहिलेल्या प्रवाशाच्या कॅमेऱ्यात उजळलेल्या पाठी तेवढ्या येतात. चेहरा हवा असेल तर गुडघाभर पाण्यात उतरून किनाऱ्याकडे वळावे लागते किंवा संध्याकाळच्या रापणीपर्यंत थांबावे लागते, जेव्हा मावळतीचे ऊन थेट त्यांच्या मुखावर येते. घाईने आलेल्यांकडे पाठमोऱ्या चित्रांचाच साठा का असतो, याचे कारण हे आहे.

जिथे सारा गाव यजमान होतो तिथे असे नियम आपोआप रुजतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचे जेवतात. पिल्ले सोडताना सर्वांनी दोरीच्या मागे राहावे, फ्लॅश वापरू नये, हा दंडक. छायाचित्रकाराची यात गैरसोय होते खरी. पण ज्या जिवासाठी आपण इतक्या दूर आलो त्याचा मार्ग मोकळा राहतो.

आमच्या नोंदवहीची खरी कसोटी २०२१ साली लागली. टाळेबंदीमुळे आमची सहल आधीच रद्द झाली होती. १६ मे रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. कौले उडाली, माड पडले, होड्या फुटल्या. जूनमध्ये त्या वाडीतून शिक्षकांना दूरध्वनी आला. आमच्या पहिल्या सहलीत भेटलेल्या एका रापणकराचे आदल्या वर्षी निधन झाले होते. घराचे छप्पर गेले तेव्हा भिंतीवरची त्यांची एकमेव तसबीर पाण्यात भिजून नष्ट झाली होती आणि मुलाच्या मोबाइलमधील चित्रेही मोबाइलबरोबरच गेली होती. त्यांच्या पत्नीने खूण सांगितली ती अशी, की उजव्या दोराला तिसरे, डोक्याला पंचा गुंडाळलेले.

मी वही उघडली. दिनांक सापडला, ओळ सापडली, डावीकडून उजवीकडे लिहिलेल्या नावांत त्यांचे नाव सापडले. आठवड्याभरात टपालाने प्रत रवाना झाली आणि नोव्हेंबरात आम्ही स्वतः जाऊन मोठी चौकटीतली प्रत दिली. त्या बाईंनी चित्र पदराने पुसले, बराच वेळ पाहिले आणि मग मला म्हणाल्या, की माझ्या वहीत काही लिहायचे असते ना, ते आणा. पोहोच या रकान्यात त्यांनी सावकाश, गोल अक्षरात आपले नाव लिहिले. त्यांना हे नियम कोणी सांगितले होते, कोण जाणे.

पहिल्या वर्षी त्या वाडीच्या नावांनी वहीची दोन पाने भरली होती. यंदा एक पानही पुरते भरले नाही. मोठ्या पर्ससीन जाळ्यांमुळे किनाऱ्यालगतची मासळी घटली, अशी रापणकरांची कैफियत जुनी आहे. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्या जाळ्यांवर निर्बंधही घातले. पण तोवर मुलगे गोव्याला, मुंबईला किंवा पर्यटकांच्या नौकांवर कामाला लागले होते. ज्याला साऱ्या वाडीचे हात लागतात, ते काम हात कमी झाले की थांबते. काही वर्षांनी तिथे रापण नसेल आणि आमच्या वहीत मात्र ती ओढणाऱ्यांची नावे असतील, या विचाराने कधीकधी मन उदास होते.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोकणातल्या आजोळची, देवळाच्या अंगणातली, बंदरावरची जुनी चित्रे पेटीत पडून आहेत. त्यांतील माणसे ओळखणारे कोणीतरी अजून घरात आहे. येत्या मे महिन्यात घाट उतरण्यापूर्वी एका दुपारी त्यांच्यापाशी बसावे, चित्रांच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत, शक्य त्यांच्या प्रती करून घ्याव्यात आणि कुलदैवताच्या नारळाबरोबर त्या पिशवीत टाकाव्यात. ज्यांच्या अंगणात ती चित्रे निघाली, त्यांचे दार देवळापासून फार दूर नसते.