आमची कोंबी



'कोंबी' हा शब्द वाचून तुम्हांला हसू आले ना? माझ्या वर्गातली मुलेही अशीच हसली होती. "बाई, तुम्ही कोंबडी पाळली?" असे एकाने विचारलेसुद्धा!

कोंबडी नाही रे बाबांनो, कोंबी! कोंबी म्हणजे आमची मोटारगाडी. तिचा जन्म 2003 सालचा. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या ताई-दादांपेक्षाही ती मोठी आहे. तिचे खरे नाव ओपेल कोर्सा स्विंग. ती बनली आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, हालोलच्या कारखान्यात. पण तिचे घराणे मात्र जर्मनीचे.

मग ही कोंबी कशी झाली? सांगते. नेहमीच्या गाडीचे छत मागच्या सीटपाशी खाली उतरते आणि तिथून पुढे डिकी सुरू होते. आमच्या गाडीचे छत थेट शेवटपर्यंत सरळ जाते. मागे एक मोठे दार. ते वर उचलले की आत खोलीच! अशा गाडीला आपल्याकडे स्टेशन वॅगन म्हणतात, इंग्लंडात एस्टेट म्हणतात आणि जर्मनीत म्हणतात कोंबी. मी हे आईला सांगितले तेव्हा ती आमच्या मालवणीत म्हणाली, "बरा नाव आसा. कोंबूचा आणि कोंबूचा!"

आणि खरेच, ही गाडी आम्ही कोंबण्यासाठीच घेतली. माझी आई शाळेचे गणवेश शिवते. सावंतवाडीच्या आमच्या घरात मला आठवते तेव्हापासून शिलाई मशीन चालू आहे. शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे आई एस.टी.ने कुडाळला, आजऱ्याला दुकानांत पोहोचवायची. गणवेशांची घाई असते जून महिन्यात आणि आमच्याकडचा जून म्हणजे काय विचारता! प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठासुद्धा कुठून तरी भिजायचाच. मग घरी आणून पुन्हा धुवायचा, पुन्हा इस्त्री करायची. मला शाळेत नोकरी लागल्यावर थोडे पैसे साठले आणि 2014 मध्ये मी ही जुनी गाडी विकत घेतली. नवी घेणे परवडणारे नव्हते. शिवाय एवढी मोठी पाठ असलेली दुसरी गाडी त्या पैशांत मिळालीच नसती.

आता एक गंमत ऐका. गाडी घरी आल्यावर मी तिच्या घराण्याची माहिती वाचू लागले. जर्मनीत रुसेल्सहाइम नावाचे गाव आहे. तिथे 1862 साली आडाम ओपेल नावाच्या माणसाने कारखाना काढला. कशाचा असेल, सांगा बरे? मोटारींचा? छे! शिलाई मशीनचा! पुढे 1886 मध्ये तिथे सायकली बनू लागल्या. आडाम ओपेल 1895 मध्ये वारले. त्यांच्या पाच मुलांनी 1899 मध्ये पहिली मोटार बनवली. म्हणजे ज्यांचे नाव या गाड्यांवर आहे, त्यांनी स्वतः कधी ओपेल मोटार पाहिलीच नाही!

मी हे वाचून दाखवले तेव्हा आईने मशीन थांबवले. अंगणातल्या गाडीकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे ही आमच्यातलीच."

पण आमच्यातल्या या पाहुणीला सांभाळणे सोपे नाही बरं का! ओपेल हे नाव भारतातून 2006 मध्येच गेले. ते आणणाऱ्या जनरल मोटर्सनेही 2017 च्या अखेरीस इथे गाड्या विकणे बंद केले. मग सुटे भाग मिळणार कुठून? आमचे मिस्त्रीकाका म्हणतात, "गाडी दुरुस्त करायला एक दिवस लागतो, भाग शोधायला आठ दिवस." तरी एक गोष्ट बरी आहे. ही कोर्सा जगभर वेगवेगळ्या नावांनी नांदली. ब्रिटनमध्ये ती व्हॉक्सहॉल कोर्सा, ब्राझीलमध्ये शेवरोले कोर्सा, ऑस्ट्रेलियात होल्डन बारीना, तर चीनमध्ये ब्यूक सेल. आजोळी 'चिऊ', घरी 'बाळ' आणि शाळेत भलेमोठे नाव, तसेच हे. त्यामुळे कोल्हापूरला नाहीतर मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात शोधत राहिले की काहीतरी हाती लागते.

आता मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. शिक्षकांच्याही चुका होतात, बरं का!

2019 च्या एप्रिलमधली गोष्ट. शाळेच्या आवारात आंब्याखाली मी गाडी लावत असे. एके दिवशी तिसरीतली एक मुलगी धावत आली.

"बाई, तुमची गाडी हिरवं पाणी गाळते!"

मला हजेरीपट पूर्ण करायचे होते. मी म्हणाले, "अगं, कसलं तरी पाणी असेल. चल, वर्गात बस."

ती बसली. पण ते 'कसले तरी' पाणी नव्हते. ते होते कूलंट. कूलंट म्हणजे काय? इंजिनात पेट्रोल जळते. त्या ऊर्जेतला निम्म्याहून जास्त भाग गाडी पळवण्याच्या कामी येतच नाही, त्याची नुसती उष्णता होते. ती बाहेर काढली नाही तर इंजिन भाजून निघेल. म्हणून इंजिनाच्या पोटातून पाणी फिरवतात. ते इंजिनात तापते, पुढच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याने निवते आणि पुन्हा आत जाते. त्या पाण्यात गंज धरू नये आणि ते सहज उकळू नये म्हणून एक द्रव मिसळतात. त्यात रंगही घातलेला असतो. त्यामुळे कुठे गळले तर चटकन दिसते. म्हणजे गाडी रंगीत अक्षरांत लिहून सांगत होती, 'मला दुखतंय.' त्या मुलीने ते वाचले. तिच्या बाईंनी वाचले नाही!

दोन दिवसांनी मी बॉनेट उघडले. टाकीतले पाणी उतरलेले होते. मी काय केले असेल? नळाचे पाणी ओतले आणि बॉनेट बंद केले. मेमध्ये पुन्हा तेच. रबरी नळीला बारीक चीर गेली असेल, जूननंतर बघू, असे मनाशी म्हणत राहिले. आईला काहीच सांगितले नाही.

जून उजाडला. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती आणि आजऱ्याच्या दुकानात गणवेश पोहोचवायचे होते. चार मोठे गठ्ठे आम्ही मागे कोंबले. निघताना आईने विचारले, "गाडी बरी आसा मा?"

मी म्हणाले, "हो, एकदम!"

दाणोली मागे पडली आणि आंबोलीचा घाट सुरू झाला. तुम्ही पावसाळ्यात हा घाट पाहिला आहे का? डोंगरावरून जिकडेतिकडे पाणी कोसळत असते. धुके इतके, की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा कसाबसा दिसतो. पहिल्या गिअरमध्ये, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत होती. तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडताना मी पाहिला. वाटले, एवढे वळण संपले की थांबू. मग वाटले, धबधब्यापाशी जागा आहे, तिथे थांबू. तेवढ्यात बॉनेटच्या फटींतून पांढरे काहीतरी वर येऊ लागले. मला ते धुकेच वाटले. पण ती होती वाफ!

गाडी कडेला घेतली. घाबरून मी बॉनेट उघडले आणि टाकीच्या झाकणाकडे हात नेला. मागून आलेल्या ट्रकचे ड्रायव्हर जोरात ओरडले, "ताई, हात लावू नका!"

त्या दादांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी कुकर असतो ना? आत दाब असल्यामुळे त्यातले पाणी शंभर अंशांच्याही वर तापते, तरी उकळून संपत नाही. शिट्टी दबलेली असताना आई झाकण काढते का? रेडिएटरचेही तसेच असते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो आणि आतले पाणी क्षणात उकळून अंगावर येते. माणसे भाजतात. ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा.

चहूकडे पाणीच पाणी, आणि पाण्यावाचून अडलेले आमचे इंजिन! मला रडू येऊ लागले. आई मात्र गप्प उभी होती. अर्ध्या तासाने एस.टी. आली. कंडक्टरदादांनी गठ्ठे आत घ्यायला मदत केली आणि माझी आई एकटी, चार गठ्ठे घेऊन, त्या पावसात आजऱ्याला निघून गेली. ज्या त्रासातून तिला सोडवायला मी गाडी घेतली होती, तोच त्रास माझ्या आळसापायी पुन्हा तिच्या वाट्याला आला. गाडीत बसून मी तेवढाच विचार करत होते.

मिस्त्रीकाकांनी दुसऱ्या दिवशी इंजिन उघडले. तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. म्हणजे तेलात पाणी शिरले होते. ते का, तेही ऐका. इंजिनाचा खालचा भाग असतो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. वरचे डोके ॲल्युमिनियमचे. दोघांमध्ये असते गॅसकेट नावाची पातळ चकती. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. प्रमाणाबाहेर तापले की डोके वाकडे होते आणि गॅसकेट फुटते. डोके घासून सपाट करायला कोल्हापूरला पाठवावे लागले. गॅसकेट तिसऱ्या दुकानात सापडले. अकरा दिवस गेले आणि अठरा हजार रुपये! एप्रिलमध्ये मी वाकून पाहिले असते तर एक रबरी नळी आणि दोन क्लिपा एवढ्यावर भागले असते.

आईला मी सगळे खरे सांगितले. एप्रिलपासून माहीत होते, हेही सांगितले. ती रागावली नाही. सुई ओवता ओवता एवढेच म्हणाली, "मशीन बोलता गो. आयकूक व्हया."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मशीनचा 'खट् खट्' जरा बदलला की आई लगेच हात आवरते. दात्यांखाली साठलेला कापूस काढते, चार ठिकाणी तेलाचे थेंब सोडते आणि मगच पुढे शिवते. 'एवढा सदरा होऊ दे, मग बघू' असे तिने कधीच म्हटलेले नाही. तिच्या हाताखाली वाढूनही मी ते शिकले नव्हते.

शाळेत गेल्यावर मी त्या मुलीला शोधले. ती आता चौथीत होती. सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हणाले, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी तुझं ऐकलं नाही. माझं चुकलं."

ती लाजली आणि हळूच म्हणाली, "मग आता गळत नाही ना, बाई?"

तेव्हापासून आमच्या घरी महिन्याचा पहिला रविवार ठरलेला आहे. आई मशीनला तेल देते, मी गाडीजवळ वही घेऊन बसते. डिपस्टिक पुसून तेलाची पातळी आणि रंग पाहायचा. गाडी थंड असताना कूलंट पाहायचे. टायरची हवा, बॅटरीच्या टोकांवर साठणारी पांढरी भुकटी, ब्रेक ऑइल, वायपरचे रबर. गाडी लावतो तिथली जमीन कोरडी आहे ना, हेही पाहायचे. इंजिनातला टायमिंग बेल्ट किती किलोमीटरवर बदलला, तेही वहीत आहे, कारण तो वरून चांगला दिसतो आणि न सांगता तुटतो. सगळीच यंत्रे बोलत नाहीत, काहींच्या तारखा लक्षात ठेवाव्या लागतात!

पुढे त्याच मुलीने मला आणखी एक प्रश्न विचारला. "बाई, तुम्हीच शिकवता की जुन्या गाड्या जास्त धूर सोडतात. मग ही का ठेवलीत?"

प्रश्न चोख होता. या वेळी मी 'वर्गात बस' म्हणाले नाही. मी तिला सांगितले, "तुझं खरं आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा कडक नियम आला. त्या नियमाच्या गाड्या हिच्यापेक्षा स्वच्छ असतात. म्हणून मी हिला रोज फिरवत नाही, गठ्ठे असतील तेव्हाच काढते. पीयूसी वेळेवर करते. पंधरा वर्षं झाली तेव्हा, 2018 मध्ये, आरटीओत तपासणी करून पर्यावरण कर भरला. 2023 मध्ये पुन्हा तपासणी करून आणखी पाच वर्षं मिळवली. ज्या दिवशी ती तपासणीत उतरणार नाही, त्या दिवशी ती भंगारात जाईल. तिचं लोखंड आणि ॲल्युमिनियम वितळून दुसरं काहीतरी होईल."

"शिलाई मशीन होईल?" तिने विचारले.

"होईलही!" मी म्हणाले.

मुलांनो, तुमच्याही घरात एखादे जुने यंत्र असेल. सायकल असेल, आजीचे मशीन असेल, करकरणारा पंखा असेल. एखाद्या रविवारी त्याच्यापाशी बसा आणि कान देऊन ऐका. काही वेगळे वाटले तर स्वतः खोलू नका, पण मोठ्यांना जरूर सांगा. त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा.

आणि पालकहो, तुमचे मूल धावत येऊन 'काहीतरी गळतंय' म्हणाले, तर हातातले काम दोन मिनिटे बाजूला ठेवा आणि एकदा वाकून बघा!