फुगलेल्या शिरा : उपचार निवडण्यापूर्वी

घाटकोपरला माझा दवाखाना आहे. डोंगरउतारावरच्या वस्तीतून पायऱ्या उतरून येणारे वृद्ध, उभ्याने लोकलचा प्रवास करणारे नोकरदार, दिवसभर ओट्यापाशी राबणाऱ्या गृहिणी यांच्या पायांच्या तक्रारी मी रोज ऐकतो. तरीही एका रुग्णाच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली. 'व्हेरिकोज व्हेन्सवर कोणता उपचार घ्यावा?' या प्रश्नाशी झगडणाऱ्या कुटुंबांना तिचा उपयोग होईल, म्हणून ती येथे सांगतो.

एक निवृत्त शिक्षिका रक्तदाब आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे माझ्याकडे येत. वय ७१. मी त्यांना 'बाई'च म्हणतो. फळ्यासमोर उभे राहण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. "डॉक्टर, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्यापाशी खाज येते," असे त्यांनी दोन-तीनदा सांगितले. सूज रक्तदाबाच्या गोळीमुळे असावी, असे मी गृहीत धरले. खाजेवर मलम लिहून दिले आणि वयोमानाने असे व्हायचेच, असे म्हणून विषय संपवला. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट व टणक झाली, आणि एके दिवशी तेथे जखम उमटली. मधुमेहाची जखम समजून मी पाच महिने तिचे ड्रेसिंग करत राहिलो. ती थोडी भरे, पुन्हा उकले.

मग त्यांचा मुलगा दोन खर्चपत्रके घेऊन आला. एका ठिकाणी लेझर सुचवले होते, तर दुसऱ्या ठिकाणी त्याहून महाग असा वैद्यकीय गोंद. शेजारी म्हणत होते, ऑपरेशन करून उपयोग नाही, शिरा पुन्हा येतात. मावशींचा आग्रह जळवा लावण्याचा होता. मुलाने विचारले, "डॉक्टर, तुमच्या आईला तुम्ही काय सांगितले असते?"

मला उत्तर देता येईना. बाईंचा पाय मी नेहमी खुर्चीत बसवून, फक्त घोट्यापुरता पाहिला होता. त्या दिवशी प्रथमच त्यांना उभे केले आणि साडी गुडघ्याच्या वर घ्यायला सांगितली. मांडीच्या आतल्या बाजूने पोटरीपर्यंत दोरखंडासारखी शीर उतरली होती.

पायातले रक्त हृदयाकडे वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्या रक्ताला खाली परतू देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, दाब वाढतो, शिरा फुगतात. वर्षानुवर्षांच्या या दाबाने घोट्याजवळची कातडी आधी काळवंडते आणि शेवटी फाटते. गळका नळ तसाच ठेवून मी भिंतीचा ओलावा पुसत बसलो होतो.

निर्णयाच्या आधी दोन तपासण्या झाल्या. पायाच्या धमन्यांत रक्तपुरवठा पुरेसा आहे ना, हे पाहिले. मधुमेही वृद्धांत ते फार महत्त्वाचे, कारण धमन्या अरुंद झाल्या असतील तर घट्ट मोजे किंवा दाबपट्टी पायाला अपाय करू शकते. दुसरी तपासणी कलर डॉपलरची, शिरांसाठी शक्यतो उभे करून केलेली. गळती कोठे आहे आणि खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का, हे तिच्यात समजते. खोल शीर गुठळीने बंद असेल, तर वरची फुगलेली शीर हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकतो. ती विचार न करता बंद करणे घातक ठरेल. बाईंच्या धमन्या व खोल शिरा चांगल्या होत्या, गळती जांघेपासून होती.

आता पर्यायांविषयी. लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी या दोन्ही पद्धतींत सोनोग्राफीच्या साहाय्याने शिरेत बारीक तार किंवा नळी घालून उष्णतेने शीर आतून बंद करतात. शिरेभोवती भूल देतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. काही दिवस दुखणे, काळेनिळे डाग, क्वचित बधिरपणा किंवा गुठळी हे धोके असतात. फोम म्हणजे औषधाचा फेस टोचून शीर बंद करणे. हा उपचार सुटसुटीत, बहुधा कमी खर्चाचा; मात्र शीर पुन्हा उघडण्याची आणि त्वचेवर तपकिरी डाग राहण्याची शक्यता अधिक. गोंदाने शीर चिकटवताना भुलीची इतकी इंजेक्शने लागत नाहीत; पण खर्च जास्त असतो आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. शीर काढून टाकण्याची जुनी शस्त्रक्रियाही कालबाह्य झालेली नाही. ब्रिटनमधील ७९८ रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लेझर किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांचे पायासंबंधीचे जीवनमान फोम घेतलेल्यांपेक्षा सरस आढळले. यांपैकी कोणत्याही उपचारानंतर काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात. शेजाऱ्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते.

जखमेबाबतचा पुरावा मला अधिक बोचला. ब्रिटनमध्येच ४५० रुग्णांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, दाबपट्टीबरोबर शीर लवकर बंद केलेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. आधी दाबपट्टी आणि शिरेचे नंतर पाहू, असे ठरवलेल्या गटाला त्यासाठी ८२ दिवस लागले. मी तर दाबपट्टीही दिली नव्हती. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याजवळ होते. "माझ्या आईची शीर मी उष्णतेने बंद करून घेतली असती, आणि ती पाच महिन्यांपूर्वीच," असे मी म्हणालो, आणि बाईंची क्षमा मागितली. गोंदासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण शल्यचिकित्सकांना व मला दिसले नाही. बाईंनी लेझर निवडले. सुमारे दोन महिन्यांत जखम भरली.

म्हणून सर्वांनीच लेझर करावे, असे मात्र नाही. माझे एक ८४ वर्षांचे रुग्ण आहेत. शिरा ठळक दिसतात, पण पाय दुखत नाही, कातडी स्वच्छ आहे, हृदय मात्र दुबळे आहे. त्यांना आम्ही काहीही करायचे नाही असे ठरवले. दर सहा महिन्यांनी मी त्यांचे पाय पाहतो, उभे करूनच. मोज्यांनी झडपा दुरुस्त होत नाहीत, पण जडपणा व सूज आटोक्यात राहते. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ते घालणे ही शिक्षाच, आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांनी ते चढत नाहीत. घरच्यांनी सकाळी, सूज येण्यापूर्वीच, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ते चढवावेत. काम सोपे होते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रात्री ते काढावेत.

खर्चपत्रक हाती आले की विचारा : माझा त्रास या शिरेमुळेच आहे का? डॉपलरमध्ये गळती कोठे दिसली? हाच उपचार का, दुसरा का नाही? काहीच केले नाही तर काय होईल? विमा असेल तर या आजारासाठी प्रतीक्षाकाळ आहे का, तेही पाहा; अनेक पॉलिसींत तो असतो. खासगी खर्च झेपत नसेल, तर राजावाडी, शीव किंवा परळच्या केईएम या महापालिका रुग्णालयांतील शल्यचिकित्सा विभागात सल्ला घेता येतो.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली, तर रुग्णाला बसवू नका, चालवू नका. लगेच आडवे करा, पाय हृदयापेक्षा उंच धरा आणि स्वच्छ कापडाने नेमक्या जागी घट्ट दाबून ठेवा. वर दोरी आवळू नका. दाब न सोडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. घाबरून न्हाणीघरात उभे राहून पाय धुण्यात जीव गेल्याची उदाहरणे आहेत.

बाई अजून दर महिन्याला येतात. मी काही विचारण्याआधीच त्या खुर्चीवरून उठतात आणि म्हणतात, "बघा डॉक्टर, नीट बघा."