बंदुकीविना शिकारीची तयारी

दसरा झाला आणि रब्बी ज्वारीची पेरणी आटोपली, की आमच्या मंद्रूप भागातल्या माणसाला आठ-दहा दिवसांची उसंत मिळते. पीक वीतभर उगवलेले असते, राखणीला बसावे असे रानात अजून काही नसते. जुन्या काळी याच सवडीत शिकारीचे बेत ठरत. खंडेनवमीला बंदुकीची पूजा, दसऱ्याला सीमोल्लंघन आणि त्यानंतरच्या आठवड्यात दोन बैलगाड्या माळाच्या वाटेला लागायच्या.

आमचे थोरले चुलते त्या गाड्यांतून गेलेले. सारे घर त्यांना तात्या म्हणते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. गेल्या दसऱ्याला सोने द्यायला गेलो, तेव्हा म्हणाले, "एकदा नान्नजच्या माळावर घेऊन चल. माळढोक दिसतो का बघू."

मी म्हणालो, "तात्या, तिथं आता बंदूक चालत नाही."

"बंदूक कोण मागतंय? ती कवाच जमा केली."

मंद्रूप सोलापूरच्या दक्षिणेला विजापूर रस्त्यावर, तर नान्नज उत्तरेला बार्शी रस्त्यावर. आज मोटारीने दीड तासाचा रस्ता. तेव्हा वाटेत एक मुक्काम पडे. तयारीला तीन दिवस लागत. ठासणीच्या बंदुकीची दारू दमट झाली तर बार फुसका जायचा, म्हणून ती कोरडी ठेवणे हे पहिले काम. मग चाकांना वंगण, छरे, कंदील, घोंगड्या, पाण्याच्या घागरी. बैल निवडतानाही, बाराच्या आवाजाने न उधळणारा हवा. शिदोरी म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ही भाकरी महिनाभर नासत नाही. आमच्या सोलापूरकडच्या बायाबापड्यांनी शोधलेले असे प्रवासाचे अन्न जगात थोडे असेल!

अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या शिकारीबद्दल मध्यंतरी वाचनात आले. सप्टेंबरात तिथे मूस या प्राण्याची शिकार चालते. मूस म्हणजे घोड्याहून उंच असे सांबराच्या जातीचे जनावर. रस्ते नाहीत, म्हणून छोटे विमान एका-दोघांना तळ्यावर किंवा नदीकाठी उतरवून परत जाते. विमानात सामान वजन करून घेतात. हवा बिघडली तर विमान ठरल्या दिवशी येत नाही, म्हणून चार दिवसांचे अन्न जास्तीचे न्यावे लागते. पण मला आवडले ते तिथले कायदे. विमानातून उतरलेल्या दिवशी गोळी झाडायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. कारण उघड आहे, वरून जनावर हेरायचे आणि उतरून लगेच मारायचे, असे होऊ नये. शिवाय मूसचे मांस दोन-अडीचशे किलो निघते, ते सगळे बाहेर काढल्याशिवाय शिंगे न्यायची नाहीत.

तात्यांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमाला असा काय नेम नव्हता. नर का मादी ते बी बघत नव्हतो. एकदा मादी पाडली. उचलायला गेलो तर पलीकडं गवतात अंडं. एकच." माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. तात्यांना नान्नजला कशाला जायचे होते, हे मला तेव्हा कळले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, ते सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून 8,496 चौरस किलोमीटरचे. त्यात गावेच्या गावे, शेतीवाडी सगळी आली. जमिनीचे व्यवहार अडू लागले आणि शेतकरी पक्ष्यालाच शिव्या देऊ लागला. 2012 च्या सुमारास ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणले. एवढी मोठी रेघ आधी ओढायलाच नको होती, असे माझे मत आहे. पण नुसत्या बंदुकीने माळढोक गेला नाही. पाणी आले, माळ फुटले, विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्री वाढली. पडीक माळ लागवडीखाली आणा, असे गावोगाव सांगत मीही हिंडलो आहे. तेव्हा ते बरोबरच वाटत होते.

असो. आमची तयारी अशी: आधी वनखात्याची परवानगी. मातकट रंगाचे कपडे, पांढरा सदरा नको, तो लांबून दिसतो. तात्यांचे पांढरे मुंडासे काढून टोपी घालायला मात्र अर्धा तास समजूत घालावी लागली! एक दुर्बीण, माणशी तीन लिटर पाणी, जाड बूट आणि काठी, कारण गवतात घोणस असते. कुत्रे घरी. परतीचा पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबावे, काळ्या रानात चाक रुतले की बैलजोडीच शोधावी लागते. कडक भाकरी अर्थात होतीच.

पहाटे पोहोचलो. काळविटांचा कळप दिसला. तात्या हळूच म्हणाले, "हीच आपली ज्वारी खात्यात." खरे आहे. नुकसान झाले तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. कुंपणात वीज सोडणे मात्र महापाप. त्यात शेजाऱ्याचे पोर मेले तर कोण भरपाई देणार?

उन्हे चढल्यावर भोवत्या ससाणे गवतावरून वीतभर उंचीने फिरू लागले. हे मध्य आशियातून दर साली याच दिवसांत उडत येतात आणि नाकतोडे, उंदीर टिपतात. विमानाने येणारा शिकारी आपल्याकडे हाच, आणि याच्याकडून फायदाच. माळढोक दिसला नाही. आता तो तिथे क्वचितच दिसतो. तात्या दुपारपर्यंत दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते.

परत येताना विचारले, "पावसाच्या सुरुवातीला येऊ का? तेव्हा नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, लांबवर ऐकू येतं."

तो विणीचा हंगाम. वनखाते जिथे उभे राहू देईल, तिथूनच ऐकावे लागेल. आषाढाआधी अर्ज द्यायचा, असे डायरीत लिहून ठेवले आहे.