अहवालातलं एक वाक्य

‘लक्ष टिकत नाही, प्रतिसाद मंद.’ माझ्या मुलाच्या तपासणीच्या अहवालात हे वाक्य आहे. ते वाचलं की आजही डोकं तापतं.

मी वेल्ह्याकडची अंगणवाडी सेविका. मुलगा चौथीत गेला तरी जोडाक्षराला अडायचा. तोंडी हिशेब बिनचूक, वहीत सगळं उलटंपालटं. गुरुजींनी आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकानं पुण्याला तपासणीसाठी जायला सांगितलं.

पहाटेची एसटी धरली. नसरापूर येईपर्यंतच पोराला ओकाऱ्या सुरू झाल्या. स्वारगेटला उतरलो तेव्हा ते पांढरंफटक पडलं होतं. मग रिक्षा, केसपेपर, रांग. नंबर लागला तो भर दुपारी. पोटात चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही, तेही पोटात टिकलेलं नव्हतं. आत आकडे ऐकून उलटे म्हणायचे, ठोकळे जुळवायचे, आणि पोरगं पेंगतंय. मी दारातून म्हटलं, “मॅडम, पहाटेपासून प्रवासात आहे हो तो. जरा खायला घालू का?”

“आई, तुम्ही बाहेर बसा. इथे वेळ मोजतात.”

मोजला त्यांनी वेळ. एसटीतले तास मात्र कुणी मोजले नाहीत. कागदावर ना प्रवास, ना ओकाऱ्या, ना उपास. बुद्ध्यांक 85 च्या खाली आला. तेव्हाच्या, 2018 च्या केंद्राच्या नियमांत आधी बुद्ध्यांक बघायचे. तो 85 च्या वर असेल तरच वाचन-लेखनाची पुढची चाचणी व्हायची. म्हणजे ज्या अडचणीसाठी आम्ही गेलो होतो, तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. ‘अभ्यासात मंद’ एवढं सांगून आम्हाला परत पाठवलं. परतीच्या गाडीत पोरगं विचारत होतं, “आई, मी नापास झालो का?”

पुढे दुसरीकडे दाखवलं. आदल्या रात्री धायरीला बहिणीकडे मुक्काम केला, सकाळी भाकरी खाऊन गेलो. तिथल्या ताईंनी चाचणी दोन बैठकांत घेतली, मधे त्याला अंगणात सोडलं. बुद्ध्यांक इतर मुलांसारखाच निघाला आणि वाचनाची अडचण स्पष्ट दिसली. तेच पोरगं!

चाचण्या परक्या आहेत, असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. व्ही. व्ही. कामतांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, त्याला ऐंशीच्या वर वर्षं झाली. वाचनदोष ओळखायची ‘डाली’ ही चाचणी 2015 पासून मराठीतही आहे. भाषेपर्यंत आलेली चाचणी भोर-वेल्ह्यापर्यंत का येत नाही? महिन्यातून एक दिवस मानसतज्ज्ञ भोरला बसले तरी कितीतरी पोरांची ही परवड वाचेल. तोवर आयांनो, पोर थकलेलं असेल तर चाचणी देऊच नका. दुसरी तारीख मागा, आणि ओरडले तरी मागा.

त्या पहिल्या तपासणीच्या दिवशी मी घरी येऊन म्हटलं होतं, असल्या कागदाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. आज दुसऱ्या ठिकाणचं प्रमाणपत्र मी लोखंडी पेटीत जपून ठेवलंय, कारण त्यावर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करा, असं आम्हाला सांगितलंय. वाचनाची अडचण काय ताप आहे उतरायला? मला हे मुळीच मान्य नाही. तरी बहिणीला सांगून ठेवलंय, दिवाळीनंतर मुक्कामाला येतोय.